पदकाची कोरी कड

आमच्या सोनारीच्या दुकानात पदकं मोडीत यायची. हिंगोलीला पूर्वी पलटणीची छावणी होती, त्यामुळे आसपासच्या गावांत कुणाच्या ना कुणाच्या पेटीतून एखादं निघायचंच. चांदीचं असलं तर नातवाचे वाळे व्हायचे, पितळी असलं तर माणूस शिव्या घालत परत न्यायचा. वितळवण्याआधी मी ते ओळखून ठेवायचो. उपयोग काडीचा नव्हता, पण खोड होती. वडिलांनी एकच शिकवलं होतं, आधी कड बघ, मग तोंड. राजाचं तोंड सगळ्यांवर सारखंच. कडेवर मात्र शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण असते, आणि अक्षरांच्या ठोक्यावरून पदक कलकत्त्याच्या टाकसाळीचं की विलायतेचं तेही कळतं. सत्तरच्या दशकात मला माझ्या नजरेचा चांगलाच गर्व झाला होता. बाजारात कुणी विचारत नव्हतं, तरी.

एका उन्हाळ्यात भर दुपारी शिरड शहापूरकडची एक म्हातारी एकटीच आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि पदराची गाठ सोडून एक पदक माझ्या हातावर ठेवलं.

"मोडायचं न्हाई," ती म्हणाली. "माणूस लढाईवर गेला तो आला न्हाई, हे आलं."

लग्नात ती दहा-अकरा वर्षांची होती. मूलबाळ नाही. सारा जन्म दिराच्या घरी गेला. दीर वारला, आता पुतण्या सांभाळत होता. येत्या पौर्णिमेला तो पुतण्या हे पदक गावच्या विहारात मांडणार होता, आणि गावातला एक म्हातारा फौजी कडेवरचं नाव सगळ्यांसमोर वाचून दाखवणार होता.

"कडंला नाव हाय का, तेवढं बघ दादा."

मी भिंग लावलं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडे घोडेस्वार, म्हणजे पहिल्या मोठ्या लढाईचं पदक. पण घोड्याचे पाय मऊ पडलेले, आणि चांदीत सुईच्या टोकाएवढी भोकं. ठोकलेल्या धातूला अशी भोकं पडत नाहीत, ओतलेल्याला पडतात. फरशीवर टाकलं तर आवाज बसका. कड कोरी होती, तीसुद्धा झिजून नव्हे, कानस मारून. म्हणजे कुणा सोनाराने केलेली नक्कल. मला मजा वाटू लागली. मग कडीच्या जोडाखाली नजर गेली आणि मजा संपली. तिथे तीन बारीक ठिपके होते, चुलीच्या दगडांसारखे. हिंगोलीत ते ठिपके एकच माणूस मारायचा, आणि तो आत सुपारी कातरत बसला होता.

वडिलांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. मी पदक हातात दिलं. त्यांनी कडेवरून एकदा अंगठा फिरवला. "आलं का हे परत?" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. ज्या साली या लोकांनी धर्म बदलला, त्या साली घरातले देव कयाधू नदीत सोडले. या बाईचं पदक देवांच्या चांदीच्या टाकांतच ठेवलेलं असायचं, दसऱ्याला टाकांबरोबर राजालाही चिंच लागायची. दिराने सगळ्यांचं एकच गाठोडं बांधलं आणि नदीत सोडलं. चूक ध्यानात आल्यावर तो दोन दिवस डोहात शोधत होता. शेवटी दुसऱ्या एका शिपायाचं तसलंच पदक मागून आणलं आणि त्यावरून वडिलांकडून हे ओतून घेतलं. भावजयीला सांगितलं, पदक कोनाड्यातच राहिलं होतं.

"मग नाव काहून घासलं, आबा?"

"दुसऱ्याचं होतं ते. परक्या माणसाचं नाव तिच्या उशाला ठेवू?"

"तिच्या माणसाचं कोरायचं."

"दीर म्हणाला, इंग्रजीत पाहिजे. मला कुठं येत होतं?"

मी चिडलो. खोट्याला खरं म्हणणं आमच्या धंद्यात बसत नाही, आणि इथे खोटं आमच्याच मुशीतून निघालेलं. सांगून टाकायचं ठरवून बाहेर आलो.

"आजी, हे मूळचं..."

"न्हाई, ठाव हाय मला," ती म्हणाली. "पैल्याच दिशी कळलं. चिंचेनं घासू घासू राजाची दाढी म्या सपाट केली व्हती. ह्याला दाढी हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"भावजी माझ्यापायी दोन दिस पान्यात उभे व्हते. एवढी तकलीफ केली, म्या काय बोलू? आता ते बी न्हाईत. चार लोकांत कड कोरी निघाली तर मेलेल्या माणसाची शोभा व्हईल. म्हून पुतण्याला न सांगता आले. तू नाव कोरून दे."

माझी सगळी अक्कल पायरीवरच्या बाईने वीस वर्षांपूर्वीच वापरून ठेवली होती. मी निमूटपणे कोरायचं पोगर काढलं. "सांगा नाव."

ती पदर तोंडाला लावून हसली. "असं कसं घेऊ रे?"

झाली का पंचाईत! पुतण्याला विचारायचं नाही, आणि ही नवऱ्याचं नाव घेणार नाही. मी म्हटलं, उखाण्यात घ्या.

"उखाना शिकायच्या आधीच गेले ते."

तेवढ्यात आतून वडिलांनी नाव सांगितलं. चार अक्षरांचं साधं नाव. त्यांच्या मामाचंही तेच होतं, म्हणून दिराने त्या वेळी सांगितलेलं लक्षात राहिलं होतं. म्हातारीचं हसू थांबलं.

"बराबर," ती म्हणाली. "पुन्यांदा म्हणा."

वडील पुन्हा म्हणाले. 

"सासूबाई गेल्यापासून असं मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं," ती म्हणाली. मी कोरायचा ठोकळा शोधायला खाली वाकलो.

नाव मी मराठीतच कोरलं. फौजीने विचारलं तर कड कोरी होती म्हणून कोरून घेतलं, असं सांगायचं ठरलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पदक हातात घेऊन तिने ते फिरवून फिरवून पाहिलं.

"सुरू कुठून व्हतं?"

मी तिचा अंगठा पहिल्या अक्षरावर टेकवला. शिरडची गाडी साडेचारची होती. तिने पदराला गाठ मारली नाही. अंगठा तसाच धरून ती एसटी स्टँडकडे गेली.