निगेटिव्हमधली आई

माझ्या आईचा एकच फोटो आहे. मी सव्वा वर्षाची असताना ती गेली, म्हणून माझ्यासाठी आई म्हणजे तो फोटो. त्यात ती गोरीपान आहे, पांढरीशुभ्र साडी नेसलेली. मी काळी. ती गेल्यावर वडिलांना अंकुशनगरच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथल्या कॉलनीत तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण भिंतीवरचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता. "आई एवढी गोरी, अन् ही पोरगी कुणावर गेली?" हे मी इतक्या वेळा ऐकलं की मला आईचाच राग यायला लागला. मेलेल्या माणसाचा राग येणं वाईट, पण यायचा. जाताना तेवढा रंग तरी ठेवून जायचा ना मला.

यंदा भिंतीला ओल आली आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. सोडवायला गेले तर हनुवटी काचेवरच राहिली. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी जेवले नाहीत. मग त्यांच्या पत्र्याच्या पेटीत निगेटिव्ह सापडली, जुन्या जालन्यातल्या स्टुडिओच्या पाकिटात. तो स्टुडिओ कधीच बंद झालाय, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते, घरी फिल्म स्कॅन करायचं जुनं मशीन आहे. म्हटलं, आपणच करू.

आधी सगळं मशीनवर सोपवलं. बटण दाबलं, तीच गोरी बाई आली. चेहऱ्यावर नुसता उजेड, साडी कोऱ्या कागदासारखी. पण निगेटिव्ह खिडकीशी धरली की उलट्या रंगात काळ्या झालेल्या साडीवर बारीक नक्षी दिसत होती. मशीन ती खाऊन टाकत होतं. त्याला घाई असते. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं करून मोकळं व्हायचं; मधल्या छटा गेल्या तरी त्याचं काय जातंय?

मग ऑटो बंद केलं. स्क्रीनवर उजेड-अंधाराचा आलेख असतो, त्याची दोन्ही टोकं बाहेर सरकवली, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भागातलं काहीच कापलं जाऊ नये. चित्र आलं ते मळकट, राखाडी, नीट न धुतलेल्या कपड्यासारखं. पण त्यात सगळं होतं. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. उजळ भाग जपत जपत मी बाकीचं चित्र हळूहळू गडद करत नेलं. आधी साडीवर फुलं उमटली.

"फुलंच व्हती," अण्णा म्हणाले. "गुलाबी."

मग चेहरा गडद होत गेला. गव्हाळ झाला, सावळा झाला, आणि तिथंही थांबेना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी परत उजळ करायला लागले.

"राहू दे. बराबर हाय," अण्णा म्हणाले. "हीच."

माझ्यासमोर मीच होते. वयानं कितीतरी लहान, डोक्यावर पदर घेतलेली. तेच नाक, तेच रुंद कपाळ, तोच रंग.

"मग तो फोटो?" मी विचारलं.

"म्याच सांगितलं व्हतं फोटोवाल्याला, जरा उजळ काढा म्हणून. तवा सगळेच सांगायचे. घरी आणला तर ही म्हणली, कोन बाई उचलून आणली? लई रुसली. मंग म्हणलं, दुसरा काढू, बराबर काढू. न्हाई झालं."

मला भयंकर राग आला. "अण्णा, कॉलनीतले लोक मला बोलायचे तेव्हा तुम्ही तिथंच बसलेले असायचे. एकदा तरी सांगायचं, ही आईवरच गेली म्हणून."

ते स्क्रीनकडेच बघत होते. "शाळा सुटली की तू दारात यायची, अन् मला वाटायचं, तीच आली. रोज वाटायचं. कोन्हाला सांगाया गेलो असतो तर रडलो असतो, माय."

"मला तरी सांगायचं ना," मी म्हणाले. पन्नाशीला आलेली बाई मी, टेबलावर डोकं ठेवून पहिल्यांदा आईसाठी रडले.