टेकडीवरच्या वाटेसाठी दिलेला अर्ज

आमच्या शहराजवळच्या टेकडीवर सायकल चालवायची तर डोकं घरी ठेवून जावं लागतं. सकाळी निम्मं शहर तिथे चढत असतं. चौघं-चौघं ओळीने चालणार, खिशातल्या मोबाइलवर भजन लावणार आणि मागून मी ओरडलो की दोघं इकडे, दोघं तिकडे आणि परत सगळे मध्येच. माथ्यावर वाढदिवसाचे केक कापतात आणि खोकी तिथेच टाकतात. बोलायला गेलं तर, "काका, टेकडी काय तुमच्या बापाची आहे का?"

म्हणून मी मागच्या अंगाची वाट धरली. सागातून वळणं घेत उतरणारी, हातभर रुंद, टणक, कुठेही एकदम खाली न कोसळणारी. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनेच मला पन्नाशीनंतर गिअरची सायकल घ्यायला लावली होती. तिला त्या वाटेचा व्हिडिओ पाठवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, असा ट्रेल इकडे पैसे देऊन मिळत नाही! दिवाळीत सायकल घेऊनच येते. दोघं सोबत उतरू." लेक आपणहून माझ्यासोबत काही करायचं म्हणते, असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. मला दुसरं काही सुचेना.

अडचण एकच होती, ढोरांची. पायथ्याच्या गावचा ढोरकी, म्हणजे सगळ्यांची गुरं राखणारा माणूस, सकाळी घरोघरची ढोरं गोळा करून याच वाटेने वर न्यायचा आणि संध्याकाळी याच वाटेने उतरवायचा. शेणाचे शिंतोडे थेट माझ्या चष्म्यावर. एकदा वळणावर म्हैस बसलेली होती. मी ब्रेक दाबला आणि पळसाच्या झुडपात जाऊन पडलो. ढोरकी, माझ्याच वयाचा माणूस, धावत आला, आधी सायकल उचलली आणि म्हणाला, "गुरुजी, एवढी महागाची सायकल, अन् घंटी नाही हिले?"

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं शाळेत काढल्यामुळे अर्ज करणं ही माझी जुनी खोड आहे. टेकडी ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी दोन पानी अर्ज दिला. रोपांची नासधूस, जमिनीची धूप, नागरिकांची गैरसोय. नागरिक म्हणजे मी एकटाच. आजवर नळापासून दिव्यापर्यंत माझ्या एकाही अर्जाची कोणी दखल घेतली नव्हती. नेमका हा मंजूर झाला! पेरण्यांच्या आधी पायथ्याला चर खोदला, तार ओढली, माणसांपुरती फट ठेवली आणि चराई बंद. मी लेकीला फोन करून ऐटीत सांगितलं, "ट्रेल मोकळा झाला."

पावसाळाभर चिखलामुळे मी तिकडे फिरकलो नाही. दसऱ्यानंतर गेलो तर वाटच नव्हती. छातीइतकं गवत आणि मध्ये मध्ये रायमुनियाची काटेरी झुडपं. मी चार दिवस विळा घेऊन कापत बसलो. अंगणाएवढी जागा मोकळी झाली आणि तीही वाटेची होती की नाही, हे मला सांगता येईना. ही वाट इतकी वर्षं कोण साफ ठेवतं, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भर पावसातही रोज दोन वेळा इतके खूर त्या मातीवरून जात होते, म्हणून तिथे गवताची काडी उगवत नव्हती. दुसऱ्यांना अक्कल शिकवत फिरणारा मी, मला हे कळू नये? स्वतःचाच इतका राग आला की विळा तिथेच फेकून आलो.

दिवाळीच्या दोन दिवस आधी लेक आली. तिने गवत पाहिलं आणि म्हणाली, "फोनवर सांगायचात ना, त्या ढोरंवाल्या काकांना विचारू. त्यांना वाट माहीत असेल." मी पुष्कळ सबबी सांगितल्या. ती ऐकते थोडीच! तार ओलांडून गावात गेली आणि त्याला घेऊनच आली.

तो काठीने गवत बाजूला सारत पुढे चालू लागला. "इथून डावीकडं. खाली गोटा आहे, सांभाळा." पायाने चाचपायचीसुद्धा त्याला गरज पडत नव्हती. आम्ही दोघं सायकली ढकलत मागे.

"काका, ढोरं कुठं गेली?" लेकीने विचारलं.

"इकली लोकायनं. चराई बंद झाली, घरी बांधून कोन चारा घालीन?"

"बंद कोणी केली?"

मी सायकलच्या चेनकडे बघत राहिलो. मग राहवेना. "मी. अर्ज मीच दिला होता."

लेक जागीच थांबली. त्याने पुढचं झुडूप काठीने दाबून धरलं, आम्हाला जाता यावं म्हणून. "मालूम आहे गुरुजी. तार लावाले आलते, तवाच सांगतलं त्यायनं."

मी ओशाळलो होतो, पण तोंडातून चिडकाच आवाज निघाला. "मग आज कायले आले आमच्यासंगं?"

"तवापासून मले कोनी वर चाल म्हनलंच नाही," तो म्हणाला. "तुमची पोरगी म्हनली, तं निंगालो."