पोलीस पत्ता विचारत आला

"या नावाचं इथं कोणी राहत नाय," जाऊ दारातून म्हणाली, आणि पोलिसानं हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते, तिथून ऐकलं. नाव माझ्या नातीचं होतं. ती नर्स आहे. जर्मनीतल्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती. तिच्यावर कोणता गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला तेवढा राहिला होता. तो महिनाअखेर पोहोचला नाही तर जागा दुसरीला देणार होते. मी जिना उतरेपर्यंत त्याची मोटारसायकल आमच्या उस्मानपुरा भागातल्या गर्दीत गेली.

"काय बोललीस त्याला?"

"पोलीस होता बाई. दुसरं काय बोलू?"

आमचं गाव लासूर स्टेशनजवळ. तिथं पोलीस कोणाचं नाव घेऊन आला, की तो माणूस आत जेवत असला तरी बायका दारात उभं राहून नाय म्हणायच्या. मीही म्हटलंय. जाऊ शहरात आली, सवय तीच राहिली. चौकशीला पोलीस येणार हे नातीनं घरात सांगितलं, तेव्हा जाऊ माहेरी होती.

नात ड्युटीवर, तिचा फोन बंद. मी जावेला म्हटलं, "चल ठाण्यात."

"मला आत टाकतील."

"टाकू दे. पोरगी अडकली नाय पाहिजे."

तिनं बीपीच्या गोळ्या आणि शाल पिशवीत घातली. खरंच आत टाकतील असं धरूनच निघाली.

तोच पोलीस टेबलाशी बसला होता. "मावशी, सकाळी राहत नाय म्हणलात. आता राहते म्हणता. उद्या काय म्हणाल?"

"साहेब, मला वाटलं धरायला आलात. पोरगी आमचीच हाय."

"म्हणजे गुन्हा केला असता तर लपवली असती?"

मी जावेकडं पाहिलं. गप्प बस, असं म्हणायची सोय नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "घरचीच हाय ना."

पोलीस हसला नाही. "शेजारचे दोन साक्षीदार आणा. नाय तर हाच रिपोर्ट वर जाईल."

जावेला बाकावर बसवून मी रिक्षानं परत गेले. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा नवरा नमाजला गेला होता. तो येईपर्यंत मी त्यांच्या दारात उभी राहिले, बसले नाही. तो आला तशी दोघं माझ्याबरोबर निघाली.

"पैदा हुई तब से देखरी मैं उसको," शेजारीण पोलिसाला म्हणाली. दोघांनी सह्या केल्या. पोलिसानं सकाळचं खोडलं नाही, त्याच्याखाली नवीन लिहिलं. काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही.

दाखला येईपर्यंत मी आणि जाऊ एकमेकींशी बोललो नाही. स्वयंपाक तेवढा एकत्र केला.

दाखला मुदतीत आला. नात जर्मनीला गेली. जाऊ आणि मी घरीच आहोत.