कोरड्याला विटाळ नसतो

लिहिण्याचं धाडस करतो आहे, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चांगलं लिहिता येतं असं नाही, पण हे आत ठेवताही येत नाही.

पिंपरीत कारखाना उभा राहिला आणि आई त्याच्या फाटकाशी भाकरी, शेंगदाण्याची चटणी विकायला बसू लागली. सुट्टीत मीही सोबत असे. एके दुपारी अन्न तपासणारे साहेब आले. बुटाच्या टोकाने त्यांनी टोपली सरकवली.

"परवाना?"

"घरचं हाय, साहेब. सकाळीच केलंय."

"कुठलं घर?"

आईने वस्तीचं नाव सांगितलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. शिपायाने चटणी मातीत ओतली.

समोरच, रस्त्यापलीकडे, सगळे ज्यांना काकू म्हणत त्यांचं घर. ओसरीवर मसाल्याच्या काचेच्या बरण्या, वर पाटी, 'घरगुती, सोवळ्यातले'. साहेब तिकडे गेले. बूट काढले. बरणीचा वास घेतला.

"वा, काकू. घरच्या वस्तूला कसला आलाय परवाना?"

मला हेवा वाटला. बरण्यांचा, पाटीचा. सगळ्यात जास्त, त्या काढून ठेवलेल्या बुटांचा.

कारण तो मसाला आईनेच कांडला होता. काकूंच्या परसात, उन्हात. कांडताना तिला प्यायला पाणी मिळत नसे. थेंब पडला तर मसाला बाटेल म्हणून.

मी रस्ता ओलांडला. म्हणालो, "साहेब, हा मसाला माझ्या आईने कांडलाय."

साहेब थांबले. काकू हसल्या. "कोरडा आहे हो. कोरड्याला विटाळ नसतो."

साहेबांनी काकूंनी बांधून दिलेली मसाल्याची पुडी पिशवीत टाकली.

आई मागून आली होती. म्हणाली, "उद्यापासनं कांडायला येनार न्हाई, काकू."

"येशील गं. जातेस कुठे?"

पुढे घरून विकणाऱ्या सगळ्यांनाच परवाना सक्तीचा झाला. आईचा अर्ज मी लिहिला. वस्तीचं नाव ठळक लिहिलं. लपवलं नाही, पुढेही लपवणार नाही.

काल वस्तीतले तात्या पुण्याला आले होते. कॉलेजसाठी मी राहतो त्या खोलीच्या दारातच म्हणाले, "काकूला परवाना भेटला. आपला अर्ज फेटाळला."

मला पुन्हा तोच हेवा वाटला.

"पन कांडायला आपली एक बी बाई गेली न्हाई. बरन्या रिकाम्या हायेत. तुझी आय फाटकाशी बसलीया."

रविवारी मी तिच्या शेजारी बसणार आहे. "कुठलं घर?" हे साहेबांनी आता मला विचारावं.