बसची वाट पाहणारा घाबरट माणूस

इंदिरानगरला आमच्या गेटसमोर सकाळी ओझरच्या कारखान्याची बस थांबते. एक गृहस्थ रोज रस्त्यापलीकडे, डबा छातीशी धरून तिची वाट पाहत असत. त्यांना पाहिलं की आमचा बंड्या बस जाईपर्यंत भुंकायचा. शेजारी वैतागले आणि कुत्रा गावाला सोडून या म्हणाले.

शेवटी मी बिस्किटांचा पुडा घेऊन त्या गृहस्थांनाच गाठलं. "तो गप्प झाला की एक बिस्कीट टाकाल?"

"टाकतो, पण इथूनच. मला कुत्र्याचं लय भ्या वाटतं."

बंड्या दम खायला थांबला की ते डोळे मिटून बिस्कीट फेकायचे. सुरुवातीची बरीचशी गटारात गेली. पण ते हळूहळू पुढे सरकत राहिले आणि बंड्याचं भुंकणं कमी होत गेलं.

"आम्ही दोघं बी घाबरट," एकदा ते म्हणाले. "फक्त त्याला ओरडता येतं."

काल बसने दोनदा हॉर्न दिला तरी ते चढेनात. डबा खाली ठेवून, डोळे घट्ट मिटून, गेटच्या गजांतून हात घालून ते बंड्याचं डोकं खाजवत होते. बंड्यानेही डोळे मिटले होते.