निळ्या पट्टीची मेथी

ज्या चोरीचा मी तपास करत होतो, त्या चोरीतली मेथी मीच विकत घेऊन खात होतो. नोकरीतल्या बाकीच्या घटना आता पुसट झाल्या. ही मात्र आमची सौ. पुसट होऊ देत नाही.

पुण्यात आयटीवाले आले, मॉल आले आणि मॉलना निवडलेली भाजी पुरवणाऱ्या कंपन्याही आल्या. अशीच एक कंपनी रोज सकाळी ताजी भाजी टेम्पोनं वारज्यातल्या एका फूड बँकेला दान देई. एक निवृत्त मुख्याध्यापिका ही फूड बँक चालवत. तिथून भाजी विदर्भातून शिकायला आलेल्या गरीब मुलांच्या वसतिगृहांत जाई.

एके दिवशी चौकीत निनावी फोन आला. "दानाची भाजी बाहेर विकतात. बाईंना विचारा." तसाच फोन कंपनीलाही गेला होता. मॅनेजर म्हणाले, "सोमवारपर्यंत छडा लावा, नाहीतर दान बंद."

महिला शिपायाला बरोबर घेऊन मी बाईंचा जबाब घ्यायला गेलो.

"आलेल्या भाजीचं काय करता?"

"वाटते."

"सगळी?"

"विकली असती तर तुम्हाला बसायला धड खुर्ची दिली नसती का?"

माझ्या खुर्चीच्या एका पायाखाली वीट होती. तरी मी आवाज चढवला.

"क्रेट कमी येतात म्हणून ओरडते मी, आणि चौकशीही माझीच," बाई म्हणाल्या. "हे बघा, आज एवढंच आलंय. मुलं आज वरणभातावर राहतील."

त्यांनी पुढे सरकवलेल्या क्रेटमध्ये मेथी होती. मंडईतल्या मेथीला मुळं असतात, मुळांना माती असते. हिची मुळं साफ छाटलेली, जुडीला निळी पट्टी. अशी मेथी मी एकाच ठिकाणी पाहिली होती: माझ्या स्वयंपाकघरात. कोथरूडच्या एका हातगाडीवरून मी ती स्वस्तात आणत असे, आणि 'भाजी पारखायला पोलिसाची नजर लागते' असं घरी ऐकवतही असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन साध्या वेशात त्या हातगाडीवर गेलो. गाडीवाला म्हणाला, "या काका, तुमची मेथी बाजूला काढून ठेवलीय. या पाहुण्यांनाही देऊ का?" एक पंच उगाच खोकला.

तेवढ्यात कंपनीचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं क्रेट उतरवायला सुरुवात केली आणि आम्ही दोघांनाही धरलं. गाडीवाला त्याचा मेहुणा निघाला.

चौकीत ड्रायव्हर दाद देईना. "साहेब, सडकी भाजी होती. टाकून देण्यापेक्षा मेहुण्याला दिली."

"खोटं बोलू नकोस. एकदम ताजी असते. मी रोज खातो."

जबाब लिहिणाऱ्या हवालदारानं पेन थांबवलं. "हे जबाबात घेऊ का, साहेब?"

त्यावर ड्रायव्हरलाच हसू फुटलं आणि मग त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी कंपनीकडे तक्रार केली तर आपण अडकू, या भीतीनं आळ आधीच त्यांच्यावर ढकलायला निनावी फोनही त्यानंच केले होते.

सोमवारी टेम्पो शिगोशीग भरून आला. मॅनेजर स्वतः आले, त्यांनी बाईंची माफी मागितली आणि दान चालूच राहील असा शब्द दिला. वसतिगृहाची पोरं शिट्ट्या मारत क्रेट उतरवत होती. पोलिसानं दुसऱ्याच्या घराची झडती घेण्याआधी स्वतःची पिशवी तपासावी, हा धडा मला मिळाला होता. पण त्या सकाळी छाती इतकी फुगलेली, की निळ्या पट्टीचा शोध कसा लागला हे मी बाईंना रंगवून सांगून टाकलं.

बाईंनी वाटपाची वही उघडली.

"एवढी अडचण होती तर सांगायचं होतं, साहेब. वसतिगृहाच्या पोरांबरोबर तुमचंही नाव लावलं असतं."