पुलावरून रिकामी गाडी

"उतरा बरं सगळे. देवानं पाय दिलेत ना?"

पूल आला की आमचे ड्रायव्हरकाका एस.टी. थांबवून हेच म्हणायचे. मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. लोक बडबडत, गाठोडी सावरत पायी पूल ओलांडायचे आणि मागून काका रिकामी गाडी आणायचे. पुलावर एकही माणूस असेल तर गाडी घालायची नाही, हा त्यांचा नियम. पलीकडे आले की खिडकीतून पहिला प्रश्न, "सगळे आले का, बाई?"

जणू मी वाटेत एखाद्याला गिळूनच टाकणार होते!

"आले हो आले. चला आता," मी फणकारायची.

एकदा उन्हाळ्यात त्यांनी मला पुलाखाली नेलं. पुरानं मधल्या खांबाच्या बुडाची माती-वाळू खरवडून डोह पाडला होता. गावाला आनंदच! म्हशींना डुंबायला आयती जागा. कुणी तर डोहाला नारळही फोडलेला. काकांनी खांबाच्या बुडाखाली हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

"खांब अधांतरी हाय, अन् ह्यांच्या म्हशी मजेत डुंबून राहिल्या," ते म्हणाले. साहेब लोक पाहून गेले होते. पुढे काही हललं नव्हतं.

"मग तुमी काहून नेता गाडी?"

"गाडी बंद केली तर गावानं दवाखान्यात जावं कसं?"

गेल्या पावसाळ्यात पूर नुकताच ओसरला होता. गाडीत कळा सुरू झालेली एक पोरगी, हिंगोलीला निघालेली. काकांनी तिलाही उतरवलं. तिची सासू त्यांचा उद्धार करत होती. आम्ही दोघींनी पोरीला धरून चालवत नेलं. मधल्या खांबावर आलो आणि पायाखालचा पूल हलला. म्हैस अंग थरथरवते तसा.

तिला पलीकडे बसवून वळले, तर काका गाडी पुलावर घालताहेत! मी तशीच परत धावले, हात हलवत ओरडले, "मागं घ्या! मागं!" माझं त्यांनी कधी ऐकलंय? मग मी पुलावरच उभी राहिले.

"बाई, मरायचंय का?" काका कडाडले.

"तुमी मागं घ्या, मंग मी हलते!"

पुलावर माणूस होतं. नाइलाजानं त्यांनी गाडी मागं घेतली आणि मी पोरीकडच्या काठाकडे जीव खाऊन पळाले. मी काठाला लागले न लागले तोच खांब खचला आणि मधला पूल नदीत गेला.

पोरीला एका टेम्पोनं हिंगोलीला नेलं. लेकरू सुखरूप आहे. तो रस्ता बंद झाला, काकांची ड्युटी बदलली, आणि दिवाळीआधी काका वारलेच. त्यांच्यासोबत पुन्हा गाडीवर जाणं झालंच नाही.

मला ते अजून नदीच्या त्या पलीकडच्या काठावरच दिसतात. पूल पडल्यावर पाण्याच्या आवाजात तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडत होते. ऐकू कुठलं येतंय! पण काय विचारतात ते मला ठाऊक होतं. मी रडत रडत दोन्ही हात वर केले.

"सगळे आले, काका! तुमी बी!"